खेकडा नेमका कोणता? अंगावरच्या खुणांची भाषा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की मराठवाड्यातल्या ओढ्यांच्या काठी रात्री बॅटऱ्या फिरू लागतात. उन्हाळाभर बिळात दडून बसलेले खेकडे बाहेर पडलेले असतात. पैठणच्या नाथसागराचा काठ असो, म्हैसमाळच्या उतारावरचे ओहोळ असोत की गौताळ्याच्या जंगलातले झरे, सगळीकडे त्याला नाव एकच : खेकडा. घाटाकडे आणि कोकणात त्याला किरवा, मुठा, कुर्ली, चिंबोरी अशी आकारानुसार आणि जागेनुसार वेगवेगळी नावं आहेत. आपल्याकडे रश्श्यातला, बिळातला आणि म्हणीतला खेकडा मात्र एकच.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते खरं नाही. जगात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या तेराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात त्या शंभराच्या वर आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत नव्या जातींची सर्वाधिक भर ज्या भागांतून पडली त्यांत महाराष्ट्राचा सह्याद्री आहे. दिसायला सारख्याच वाटणाऱ्या दोन खेकड्यांपैकी एक कोणता आणि दुसरा कोणता, हे ठरवायचं कसं? त्यासाठी अंगावरच्या खुणा क्रमाने पाहण्याची एक पद्धत आहे. ती समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंग, मोजपट्टी आणि थोडा धीर पुरतो.

आधी पाय मोजा

खेकडा, कोळंबी, शेवंड हे सगळे दशपाद गणातले, म्हणजे दहा पायांचे प्राणी. खऱ्या खेकड्याला पुढे दोन नांग्या आणि मागे चालायच्या पायांच्या चार जोड्या असतात. नांग्या धरून पाच जोड्या मोजता आल्या की पहिली पायरी पार पडली.

ही मोजणी वाटते तेवढी बाळबोध नाही. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उचलला तर खाली चपट्या अंगाचे, झटकन सरकणारे चिमुकले ‘खेकडे’ दिसतात. त्यांच्या चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतात. चौथी जोडी असते, पण ती अगदी बारीक असते आणि कवचाला चिकटून दुमडलेली राहते. कल्ले साफ करायला तिचा उपयोग होतो. हे पोर्सेलिन खेकडे. नावात खेकडा असला तरी ते खरे खेकडे नव्हेत. त्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे स्क्वॉट लॉबस्टर. लांबट नांग्यांचे, पोटाचा भाग अंगाखाली अर्धवट दुमडून बसणारे हे प्राणी ना पुरते शेवंड, ना पुरते खेकडे. बहुतेक जाती खोल समुद्रात राहतात आणि त्यांची संख्या हजाराच्या वर आहे.

स्क्वॉट लॉबस्टर ओळखायची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण खुणा वाचणं म्हणजे काय ते तिथे फार स्वच्छ दिसतं. समोरून डोळ्यांच्या मधला भाग पाहायचा आणि काटे मोजायचे. मधला एक लांब काटा आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक, असे तीन काटे असतील तर बहुधा तो मुनिडा किंवा त्याच्या जवळच्या गोतावळ्यातला. पाच काटे असतील तर युमुनिडा. काट्याऐवजी सपाट, त्रिकोणी, कडेला दाते असलेलं टोक असेल तर गॅलाथिया. आणि डोळ्यांतला रंग नाहीसा होऊन ते फिकट, निरुपयोगी झाले असतील तर अंधाऱ्या तळाशी राहणारा मुनिडोप्सिस. एवढ्यावर प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट ठरतो. पुढे पाठीवरच्या आडव्या रेघा, पोटाच्या वळ्यांवरचे काटे, नांगीची लांबी असं एकेक पाहत जातीपर्यंत पोहोचायचं.

कधीकधी खुणा कोणत्याच घरात बसत नाहीत. २००५ मध्ये ईस्टर बेटाच्या दक्षिणेला, समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांजवळ, नांग्यांवर दाट केसांचं आवरण असलेला एक आंधळा प्राणी सापडला. त्याची कोणत्याच ज्ञात कुळाशी सांगड बसेना, तेव्हा शास्त्रज्ञांना त्याच्यासाठी किवाइडी हे नवं कुळच स्थापावं लागलं. आज तो यती खेकडा म्हणून ओळखला जातो.

समुद्र आणि दख्खन यांना जोडणारा माणूस

समुद्र तीनशे किलोमीटरांवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हे सांगण्याचं कारण आल्फ्रेड अल्कॉक. पेशाने डॉक्टर असलेले अल्कॉक १८८८ पासून ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी सर्वेक्षण जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ होते. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या तळातून जाळ्यांनी वर आलेले प्राणी त्यांनी एकेक करून तपासले. पुढे ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक झाले. १९०१ मध्ये त्यांनी भारतीय खोल समुद्रातल्या शेवंडवर्गीय प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत स्क्वॉट लॉबस्टरही आहेत. आणि १९१० मध्ये त्याच हातून भारतातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची सूची आली. भारतीय नदी-नाल्यांतल्या खेकड्यांचा अभ्यास आजही त्या पुस्तकाला वळसा घालून करता येत नाही.

पण दख्खनच्या खेकड्याची शास्त्रीय नोंद त्याहून जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारे अधिकारी. माणसं, पिकं, पक्षी, मासे, त्यांनी काहीच सोडलं नाही. वेरूळच्या लेण्यांवरही त्यांनी १८२० च्या दशकात लिहिलं. पठारावर आणि डोंगरमाथ्यांवर, समुद्रापासून इतक्या दूर, जमीन पोखरून राहणारे खेकडे पाहून त्यांना नवल वाटलं. १८३६ मध्ये लंडनमध्ये त्यांचा वृत्तान्त छापून आला आणि त्यासोबत जे. ओ. वेस्टवूड यांनी त्या खेकड्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तोच आजचा बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस, आपल्या काळ्या मातीतल्या ओढ्याकाठी सर्रास आढळणारा मोठा खेकडा. प्रजातीचं नाव दरम्यान बदललं, कारण अल्कॉक यांनी १९०९ मध्ये बॅरीटेल्फुसा हा गट वेगळा काढला. जातीचं नाव मात्र वेस्टवूड यांनी ठेवलं तेच आहे.

कवच काय सांगतं

आता खेकडा हातात घेऊ. मागच्या बाजूने कवचाच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटांत धरल्या की नांग्या पोहोचत नाहीत.

पहिली नजर कवचाच्या घडणीवर. ते चपटं आहे की फुगीर? पाण्यात जास्त वेळ घालवणाऱ्या जातींचं कवच साधारण सपाट असतं. जमिनीवर जास्त वावरणाऱ्यांचं कवच दोन्ही बाजूंना फुगलेलं असतं, कारण आतल्या कल्ल्यांच्या पोकळीत हवेतून श्वास घ्यायला जागा लागते. मुंबई-ठाण्यापासून माथेरानपर्यंत पावसाळ्यात जमिनीवर हिंडणारा गेकार्सिन्युकस जॅकेमॉन्टाय असाच गुबगुबीत पाठीचा. फ्रेंच प्रवासी निसर्गशास्त्रज्ञ व्हिक्टर जॅकेमाँ यांच्या नावावरून त्याला १८४४ मध्ये हे नाव मिळालं. जॅकेमाँ यांचा मृत्यू १८३२ मध्ये मुंबईतच झाला. भारतीय द्वीपकल्पातले झाडून सगळे गोड्या पाण्यातले खेकडे ज्या कुळात मोडतात त्या गेकार्सिन्युसिडी कुळाचं नाव याच प्रजातीवरून पडलं आहे.

दुसरी नजर डोळ्यांच्या मागे. डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर एक टोक असतं आणि त्याच्या थोडं मागे, कवचाच्या कडेवर, दुसरा लहान दात. हा दात टोकदार आहे, बोथट आहे की जवळजवळ नाहीसाच झाला आहे? कडेची धार सलग आहे की करवतीसारखी बारीक दातेरी? डोळ्यांच्या मागे कवचावर ज्या आडव्या उंचवट्याच्या रेषा दिसतात त्या एकमेकींना मिळतात की मध्ये तुटतात? या एकेका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायचं. यांतलं कुठलंही उत्तर एकटं पुरेसं नसतं. चार-पाच उत्तरं एकत्र आली की शक्यतांची यादी झपाट्याने आखडते.

तिसरी नजर तोंडावर. खेकड्याच्या तोंडासमोर दोन दारांसारखे अवयव असतात, ते अन्न धरून ठेवतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक काडी असते. काही प्रजातींत त्या काडीच्या टोकाला लांब चाबकासारखा तंतू असतो, काहींत तो तोकडा असतो, काहींत मुळीच नसतो. त्याच्याही आत, जबड्याला जोडलेला एक सांधेदार अवयव आहे. त्याचं शेवटचं टोक दुभागलेलं असेल तर तो द्वीपकल्पातल्या कुळाचा, साधं असेल तर बहुधा हिमालय आणि ईशान्य भारतातल्या पोटॅमिडी कुळाचा. जबड्यातला मोजक्या मिलिमीटरांचा हा फरक खेकड्यांच्या दोन मोठ्या घराण्यांची सीमा ठरवतो.

खरी साक्ष पोटाखाली

एवढं करूनही दोन जवळच्या जाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात. तेव्हा खेकडा उलटा करायचा. पोटाशी दुमडलेली एक पट्टी दिसते. ती रुंद, गोलसर, पोट जवळजवळ झाकणारी असेल तर मादी. तिच्याखाली ती अंडी आणि पुढे पिल्लं बाळगते. पट्टी अरुंद, टोकाकडे निमुळती असेल तर नर. खेकडे विकणारे आणि शिजवणारे हा फरक पिढ्यानपिढ्या जाणतात.

नराची ती पट्टी हळूच उचलली की आत कडक काड्यांच्या दोन जोड्या दिसतात. मिलनाच्या वेळी शुक्रपेशी मादीपर्यंत पोहोचवणारी ही उपांगं, शास्त्रीय भाषेत गोनोपॉड. पहिली जोडी जाड आणि नळीसारखी, दुसरी बारीक आणि पहिलीच्या आत सरकणारी. पहिल्या जोडीचं शेवटचं पेर किती लांब आहे, त्याच्या अलीकडच्या पेराशी त्याचं प्रमाण काय, ते सरळ आहे की बाहेर वळलेलं, टोक निमुळतं आहे की गोल, आणि दुसऱ्या जोडीचा शेवटचा भाग लांब आहे की खुंटलेला, हे भिंगाखाली पाहायचं. जातीची ही खूण माणसाच्या अंगठ्याच्या ठशाइतकी बोलकी असते.

यामागचं कारण समजलं की खुणेवरचा विश्वास वाढतो. बाहेरचं कवच परिस्थितीच्या दबावाखाली घडतं. चिखलात बीळ खणणाऱ्या दोन असंबंधित जातींना एकसारखं अंग लाभू शकतं, कारण गरज एकच असते. प्रजननाचे अवयव मात्र त्या त्या जातीच्या नर-मादीच्या जुळणीशी बांधलेले असतात. एका जातीच्या दोन जाती होतात तेव्हा बाह्य रूप फारसं न बदलताही या अवयवांची घडण वेगळी होत जाते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड बॉट यांनी १९७० मध्ये जगभरातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची फेरमांडणी केली ती मुख्यतः याच खुणेच्या आधारावर. त्यांनी पाडलेली काही कुळं पुढे टिकली नाहीत, पण नराचं गोनोपॉड पाहिल्याशिवाय जात ठरवायची नाही, हा शिरस्ता कायम झाला.

त्यातून एक अडचणही येते. मादी आणि अपरिपक्व पिल्लू यांच्याकडे ही खूण नसते. त्यामुळे संशोधकाला त्याच ठिकाणचा पूर्ण वाढलेला नर मिळेपर्यंत थांबावं लागतं. आजकाल डीएनएच्या तपासणीची जोड मिळते आणि अशा वेळी ती फार उपयोगी पडते. पण डीएनएचा निकालही शेवटी ज्या नमुन्याशी ताडून पाहायचा, त्या नमुन्याला नाव अंगावरच्या खुणांनीच मिळालेलं असतं.

रंगाचा मोह

सामान्य माणूस ओळखायला आधी रंग पाहतो. सह्याद्रीतले रंगीबेरंगी खेकडे पाहिले तर त्यात नवल नाही. समीर कुमार पाती आणि आर. एम. शर्मा यांनी २०१४ मध्ये घाटियाना ही नवी प्रजाती मांडली, तिच्यातल्या एका जातीचं नाव नारिंगी रंगावरून आणि दुसरीचं जांभळ्या रंगावरून आहे. २०१६ मध्ये पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी पश्चिम घाटातून आणखी पाच जातींचं वर्णन केलं. त्यांतल्या एकीला अल्कॉक यांचं नाव दिलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या रघुवीर घाटातल्या खेकड्याला ठाकरे यांचं नाव मिळालं, त्याची तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली.

नाव रंगावरून असलं तरी जात रंगावरून ठरलेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. खेकडा कात टाकतो तेव्हा नवं कवच उजळ असतं, जुनं होता होता ते काळवंडतं आणि त्यावर चिखल-शेवाळाचा थर चढतो. पिल्लू आणि प्रौढ, नर आणि मादी यांच्यातही रंगाचा फरक पडतो. आणि नमुना स्पिरिटमध्ये ठेवला की थोड्याच काळात रंग उडून जातो. संग्रहालयातल्या जुन्या बरण्यांतले खेकडे सगळे एकजात फिकट तपकिरी दिसतात. म्हणून रंग जिवंतपणी फोटोत टिपून ठेवायचा, पण निकाल द्यायचा तो कवच, तोंड आणि गोनोपॉड पाहूनच.

डोंगरागणिक वेगळा खेकडा

सह्याद्रीत इतक्या जाती का, याचं उत्तर मादीच्या पोटाखालच्या त्या रुंद पट्टीत आहे. समुद्रातला खेकडा असंख्य बारीक अंडी घालतो, त्यांतून निघणाऱ्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात आणि एकच जात शेकडो किलोमीटर पसरते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. मादी थोडी पण मोठी अंडी घालते, ती पोटाशी सांभाळते, आणि अंड्यातून बाहेर येतो तो थेट चिमुकला खेकडाच. अळीची अवस्थाच नसल्याने वाहून जाऊन दूर पसरण्याची संधी नाही. जिथे जन्म, त्याच झऱ्याच्या आसपास जगणं. मध्ये खोल दरी किंवा कोरडा पट्टा आला की दोन वस्त्यांचा संबंध तुटतो आणि दीर्घ काळात त्या वेगळ्या जाती होतात. त्याच कारणाने एखादा सडा उखडला किंवा एखादा झरा आटला तर तिथली जात दुसरीकडून पुन्हा येण्याची शक्यता जवळपास नसते.

आपल्या पठारावरच्या बॅरीटेल्फुसाला काळी माती, विस्तीर्ण पठार आणि गोदावरीसारखं मोठं खोरं मिळालं, त्यामुळे तो दूरवर पसरला आणि आज तो धोक्यात नाही. पण २००९ मध्ये गोड्या पाण्यातल्या १२८० जातींचा जागतिक आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्या जातींबद्दल धोका ठरवण्याइतकी माहितीच हाती नव्हती. ज्याची ओळखच पटलेली नाही, त्याचं रक्षण कसं करणार?

नाव बरोबर असण्याची किंमत

छत्रपती संभाजीनगरचा खेकड्याशी संबंध ताटापुरता नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या, आताच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिसवर सातत्याने काम केलं : त्याचं प्रजननचक्र, शरीरातले रासायनिक बदल, संप्रेरकांचं नियंत्रण. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात अशा ग्रंथी असतात की त्यांच्या स्रावामुळे कात टाकणं आणि अंडाशयाची वाढ रोखली जाते. हे सारं ज्ञान एका विशिष्ट जातीच्या नावाने नोंदलेलं आहे. नमुना भलत्याच जातीचा असता तर मोजमापं कितीही अचूक असली तरी ती दुसऱ्याच प्राण्याच्या खाती जमा झाली असती. म्हणूनच संशोधनासाठी वापरलेला नमुना संग्रहालयात जपून ठेवणं ही औपचारिकता नव्हे. उद्या कुणाला शंका आली तर तपासायला तो समोर हवा.

प्रयोगशाळेबाहेरही हाच प्रश्न येतो. जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरला असं विधान तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी केलं आणि राज्यभर त्यावर वाद झडला. त्या वादात आधी विचारायला हवा होता तो साधा प्रश्न : तिथे खेकड्याची कोणती जात आहे? प्रत्येक जातीचं बीळ वेगळं असतं. कुणी ओढ्याच्या काठी चिखलात खोल खणतं, कुणी दगडाच्या कपारीत बसतं, कुणी झाडाच्या ढोलीतल्या साचलेल्या पाण्यात राहतं. जात ठरली तर बीळ किती खोल जातं, ते बांधाच्या कोणत्या भागात असू शकतं, हे तपासून पाहता येतं. जात न ठरवता दिलेला निकाल, खेकड्याच्या बाजूचा असो की विरुद्धचा, पुराव्याशिवायचा असतो.

तुम्ही काय करू शकता

जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवह्या तयार केल्या गेल्या आहेत. आपल्या गावच्या वहीत खेकड्याच्या पुढे नुसतं ‘खेकडा’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ती नोंद पुरी करण्याचं काम गावातला शाळकरी मुलगाही करू शकतो. खेकडा मिळाला की शेजारी मोजपट्टी ठेवून चार फोटो घ्यावेत : पाठीचा, समोरून चेहऱ्याचा, पोटाचा आणि नांग्यांचा. तारीख, गाव, ओढ्याचं नाव, जागा पाण्यात की बिळात, नर की मादी, आणि गावात त्याला काय म्हणतात ते लिहावं. मग खेकडा जिथून उचलला तिथेच सोडावा. ही माहिती जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या प्रादेशिक केंद्राला पाठवता येते.

सह्याद्रीचे खेकडे आज बातम्यांत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगा, बालाघाट आणि मराठवाड्यातली लहान लहान खोरी यांच्याकडेही तेवढ्याच बारकाईने पाहायची वेळ आली आहे. येत्या मृगात ओढ्याकाठी जाणाऱ्यांनी बादलीबरोबर एक वही आणि मोजपट्टी जरूर न्यावी.